जमेच्या बाजूचा उन्हाळा

आपल्या व्यापारी घराण्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट एके काळी शहराकडून गावाकडे जात असे. वार्षिक परीक्षा आटोपली की पुण्या-मुंबईची नातवंडे कडा, आष्टी, जामखेड, करमाळा, पाथर्डी अशा गावांतील आजोळच्या वाड्यांत दाखल होत आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत परतण्याचे नाव घेत नसत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही वाट उलटी झाली आहे. मुले शिक्षणासाठी अथवा व्यापारासाठी पुण्यात गेली आणि तेथेच स्थिरावली, गावाकडच्या वाड्यांना कुलपे लागली आणि आता वैशाख लागला की आजी-आजोबाच पापड-कुरडयांच्या डब्यांसह स्वारगेटच्या स्थानकावर उतरताना दिसतात. शहरातील उन्हाळ्याविषयी तक्रारीच्या सुरात पुष्कळ बोलले जाते. उकाडा, गर्दी, सदनिकेच्या चार भिंती आणि बोलायला माणूस नाही, ही त्यातील ठरलेली कलमे. ती नावेच्या बाजूला असू द्यावीत. या वेळी मला जमेच्या बाजूविषयी लिहावयाचे आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात माझा मुक्काम पुण्यात घडला, तोही चांगला दोन महिन्यांचा. धाकट्या भावावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्याला काही महिने पेढीवर जाण्यास मनाई केली. पुतण्या परदेशी शिकतो. भुसार विभागात त्याची धान्याची पेढी, आणि हंगाम तर तोंडावर आलेला. "दादा, तुम्ही गादीवर नुसते बसलात तरी पुरे, बाकी दिवाणजी पाहतील," असा त्याचा निरोप आला. महावीर जयंती आटोपून दुसऱ्याच दिवशी मी मार्केट यार्डात हजर झालो.

गुलटेकडीचे श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड ज्यांनी केवळ आंब्याच्या पेटीपुरते पाहिले आहे, त्यांना त्याच्या खऱ्या व्यापाची कल्पना येत नाही. जुन्या पुण्याचा घाऊक व्यापार पेठांमधून चालत असे. भाजीपाला १८८६ साली बांधलेल्या मंडईत, जिला आज आपण महात्मा फुले मंडई म्हणतो. आणि धान्य, गूळ, मिरची हा भुसार माल नाना पेठ व भवानी पेठेतील गल्ल्यांत. बैलगाडीच्या काळात त्या गल्ल्या पुरल्या. ट्रक आले आणि त्या अपुऱ्या पडल्या. १९६३च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांना नियमनाची चौकट दिली आणि पुढे हा सारा व्यापार टप्प्याटप्प्याने पेठा सोडून गुलटेकडीच्या मोकळ्या जागेत आला. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी पेठेतील अंधारी वखार सोडताना डोळ्यांत पाणी आणले होते. आज त्यांची नातवंडे 'यार्ड' हेच आपले मूळ गाव असल्यासारखी बोलतात.

या आवाराचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. प्रथम भाजीपाल्याच्या गाड्या येतात, उजाडण्याच्या सुमारास फुलांचा बाजार भरतो, सकाळी फळांचे सौदे होतात आणि ती गर्दी ओसरू लागली की भुसार विभागातील पेढ्यांचे दरवाजे वर सरकतात. प्रत्येक गल्लीचा वास निराळा. मिरचीच्या गल्लीत नवखा माणूस शिंकल्यावाचून पुढे जात नाही. गुळाच्या गल्लीत मधमाश्यांचे राज्य असते. एप्रिल-मे हा वर्षाचे धान्य भरण्याचा काळ. लोकवन आणि सिहोर गहू, बार्शी-जामखेडकडची मालदांडी ज्वारी, आंबेमोहर, इंद्रायणी, कोलम, सांगलीची हळद, ब्याडगी मिरची, तूरडाळ. पूर्वी एकेका कुटुंबाची यादी पोत्यांत असे, आता ती किलोंत आली आहे. सदनिकेत कोठीची खोलीच नसते, तेथे पोते ठेवणार कोठे? तरीही, ऊन दाखवून, एरंडेल लावून गहू डब्यात भरल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशा गृहिणी अजून शिल्लक आहेत, आणि त्यांच्यासाठी आमच्या पेढीसमोर टेम्पो उभे राहत होते.

गादीवर बसल्यावर तिसऱ्या दिवशी पहिली भेट घडली. समोर माल उतरत होता. शेजारी एक वयस्क तोलणार उभा होता. त्याचा मुलगा आता वजनाचे काम पाहतो, पण सकाळी आवारात फेरी मारल्याशिवाय म्हाताऱ्याला करमत नाही. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "शेठ, पाथर्डीच्या तिलोक जैन विद्यालयात होता का तुम्ही? पंच्याहत्तरची दहावी?" मी हो म्हणताच 'शेठ' गळून पडले. "अरे, मग मला ओळखत कसा नाहीस? मागच्या बाकावर बसून तुझ्या डब्यातला लाडू रोज खाल्ला मी!"

नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली शालान्त परीक्षा महाराष्ट्रात १९७५ साली झाली. त्या पहिल्या तुकडीतले आम्ही. म्हणजे बरोबर पन्नास वर्षे झाली. १९७२च्या दुष्काळात आम्ही आठवीच्या उंबरठ्यावर होतो. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन वाढलेली ती पिढी. जिराईत मुलखातली बहुतेक मुले पुढे पोटामागे पुण्याकडे सरकली. कोणी गादीवर बसले, कोणी पाठीवर पोते घेतले. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने आणि १९६९च्या माथाडी कायद्याने पाठीवरच्या त्या ओझ्याला हक्काचा आधार दिला. पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रात झुणका-भाकरी खात बसलेला माझा हा वर्गमित्र मला सांगत होता, की याच यार्डात आणि त्याच्या आसपास आमच्या वर्गातले किमान सहाजण आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने एकेकाला पेढीवर आणून उभे केले. आवारात माणसे आडनावापेक्षा मालावरून ओळखली जातात. त्यामुळे एक 'मिरचीवाला' आला, एक 'तेलवाला' आला, एक 'साखरवाला' आला. फळ विभागातला एकजण आला, तो 'पेटीवाला'. बिबवेवाडीत राहणारी आमच्या वर्गातली एक भगिनी, आता पाच नातवंडांची आजी, घरगुती पापड-खाकऱ्याचा व्यवसाय चालवते. ती उडीदडाळ घ्यायला येते ती आमच्याच गल्लीत. गेली बारा वर्षे ती येत होती आणि शेजारच्या पेढीवर बसलेला मिरचीवाला तिला 'बेन, सरका जरा' म्हणत होता. दोघांनाही आपण एका वर्गात होतो हे ठाऊक नव्हते. पिंपरीत स्थायिक झालेला एकजण मेट्रोने स्वारगेटपर्यंत येऊ लागला. २०२४च्या सप्टेंबरात ती वाट खुली झाल्यापासून त्याला पुणे जवळचे वाटू लागले होते.

मग रोजचा एक परिपाठच पडला. पेढ्या आवरल्या की साडेपाचच्या सुमारास आम्ही आमच्या पेढीच्या ओट्यावर जमत असू. आमच्यातील बहुतेकांचा चौविहार, त्यामुळे सूर्यास्त हीच बैठकीची घंटा. त्या तासाभरात दरांची चर्चा होई. २०२२च्या जुलैत वेष्टनबंद धान्यावर लागलेल्या पाच टक्के करापासून मुलांच्या लग्नांपर्यंत सारे विषय निघत. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, तेलवाल्याच्या पत्नीचे वर्षीतपाचे पारणे झाले. इक्षुरसाने पारणे करणाऱ्या तपस्वींना भेटायला गावोगावचे आप्त पुण्यात आले होते, आणि त्या मांडवात मला चाळीस वर्षांत न भेटलेली तीन माणसे भेटली. पेटीवाल्याने हापूस पाठवला तो 'तयार' आणि 'कच्चा' अशा दोन वेगळ्या पेट्यांत, तारखा घालून, म्हणजे आर्द्रा नक्षत्र लागून आंबा बंद होईपर्यंत बेताने पुरेल अशा हिशोबाने. थोडक्यात, दिवस सुखाचे चालले होते.

अशाच एका संध्याकाळी पापडवाल्या भगिनीने विचारले, "सगळे सापडले, पण आपला 'औटकी' कुठे आहे?"

ओट्यावर एकदम शांतता पसरली.

ज्यांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ही नावे आता परकी झाली असतील, त्यांच्यासाठी सांगतो : औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या वर्गातील एका मुलाने तो आपल्या आजोबांकडून लहानपणीच पाठ केला होता. "सतरा औट किती?" असे वर्गात कोणीही विचारावे आणि त्याने मान वर न करता "साडेएकोणसाठ" म्हणावे. त्याचे नावच औटकी पडले. पुढे त्याने गुळाची आडत घातली. हात सचोटीचा, बोलणे गोड. पेढी चांगली वाढली. १९९६ साली परराज्यातील दोन मोठ्या पार्ट्या बसल्या आणि त्यांच्याबरोबर तोही बसला. घर गेले, दागिने गेले. लोक बोलायचे ते बोलले. कोणी म्हणाले पैसा दडवला, कोणी म्हणाले सट्टा खेळला. एका पहाटे तो कुटुंबासह गाव सोडून गेला. आमच्यापैकी साखरवाल्याचे १ लाख ४० हजार रुपये त्याच्याकडे अडकले होते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच ती शांतता. साखरवाला काही बोलला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिले, "चला, सूर्य मावळतो आहे," म्हणाला आणि उठला.

त्यानंतर आठेक दिवसांनी जामखेडहून ज्वारीची गाडी आली. दिवाणजींनी हुंडेकऱ्याची बिल्टी माझ्यापुढे ठेवली. बिल्टी हाताने लिहिलेली होती, आणि तिच्यावरील सातचा आकडा पाहून मी थबकलो. शेपूट लांब खाली ओढून डावीकडे वळवलेला तो सात मी पाच वर्षे शेजारच्या वहीत पाहिला होता. त्या शेपटासाठी गुरुजी दर सोमवारी त्याच्या बोटांवर पट्टी मारीत.

मी कोणाला न सांगता एकटाच गेलो. आवाराच्या मागच्या बाजूस, आमच्या ओट्यापासून चारशे पावलांवर, त्या हुंडेकऱ्याचे कार्यालय होते. पत्र्याच्या खोलीत, जाड भिंगाच्या चष्म्याआडून तो बिल्ट्या लिहीत होता. मी दारात उभा राहून म्हणालो, "सतरा औट किती?" त्याने मान वर केली नाही. लेखणी मात्र थांबली. काही क्षणांनी तो हळूच म्हणाला, "साडेएकोणसाठ. ये, बस."

तो तेथे अठरा वर्षांपासून होता. साखरवाला, मिरचीवाला, तेलवाला, सगळ्यांना तो रोज पाहत असे. त्यांच्या मालाच्या बिल्ट्याही त्यानेच लिहिल्या होत्या. "मग भेटला का नाहीस?" या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. खणातून एक लाल बांधणीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर १९९६ची तारीख आणि खाली एकतीस नावे, प्रत्येकासमोर मुद्दल. सत्तावीस नावांवर रेघ होती आणि प्रत्येक रेघेखाली फेडीची तारीख व घेणाऱ्याची सही. मी नावे वाचू लागलो. पहिल्या रेघा गावातील दूधवाल्यावर, परटावर, तीन हमालांवर, एका विधवा आत्याबाईंच्या ठेवीवर होत्या. "ज्यांना बुडणे परवडणारे नव्हते, त्यांचे आधी," तो म्हणाला. "ज्यांना परवडेल त्यांचे शेवटी. चार राहिले आहेत. साखरवाला त्यांतला सगळ्यात मोठा."

वाचकहो, आपण व्यापारी आहोत; कायदा आपल्याला ठाऊक असतो. उसन्या पैशाच्या वसुलीसाठी १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारणतः तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ती मुदत टळली की न्यायालयाचे दार बंद. त्याचे शेवटचे देणेही १९९९च्या अखेरीस मुदतबाह्य झालेले होते. म्हणजे ज्या सत्तावीस रेघा मी पाहत होतो, त्यांतील बहुतेक देण्यांसाठी जगातील कोणीही त्याच्यावर दावा लावू शकत नव्हते.

मी त्याला संध्याकाळी ओट्यावर येण्याचा आग्रह केला. तो म्हणाला, "देणे उभे असताना त्याच्या शेजारी मांडी घालून बसता येत नाही. आणि एक ऐक. तू कोणाला सांगायचे नाहीस. आता माझे वय सहासष्ट. डोळे अधू होत चालले. वही मुलाच्या हातात द्यायची नाही, एवढीच काळजी आहे." मी शब्द दिला आणि तो पाळला. दोन आठवडे मी ओट्यावर साखरवाल्याशेजारी बसत होतो आणि तोंडातून अक्षर काढत नव्हतो.

मार्ग निघाला तो साखरवाल्याकडूनच. एके दिवशी इतर मंडळी उठून गेल्यावर तो माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "तू मागच्या गल्लीत गेला होतास म्हणे. बरा आहे ना तो?" मी चकित होऊन पाहतच राहिलो. त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. "तो मला पाहून वाट बदलतो, हे माझ्या लक्षात आले. म्हणून मीच त्या बाजूने जाणे सोडून दिले. माझ्यामुळे एखाद्याला रोज वळसा का पडावा? पैशाचे म्हणशील तर ते मी कधीच सोडून दिले होते. पण जाऊन 'सोडले' म्हणायचा धीर झाला नाही. त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट उरली आहे, ती मी काढून कशी घेऊ?"

एकाने लाजेपोटी वाट बदलली आणि दुसऱ्याने भिडेपोटी. दोघेही सज्जन, आणि दोघांमध्ये चारशे पावलांचे अंतर अठरा वर्षे तसेच राहिले. आपल्या समाजात संबंध तुटतात ते नेहमी वैरानेच तुटतात असे नाही. कित्येकदा ते अशा भिडेनेच कायमचे गोठून राहतात, आणि बाहेरच्या जगाला तेथे भांडण असल्याचा भास होतो.

त्या रात्री मला कविवर बनारसीदासांची आठवण झाली. १५८६ साली जौनपूरच्या एका श्रीमाळ जैन व्यापारी कुटुंबात ते जन्मले आणि १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. तरुणपणी ते माल घेऊन आग्र्याला गेले. त्या परक्या महानगरात व्यापार पुरता बुडाला. होते नव्हते ते विकून खाल्ले. संध्याकाळी ते प्रेमकथांची काव्ये गाऊन ऐकवीत आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास उधारीवर कचोऱ्या खात. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून सांगितले, की माझ्याजवळ द्यायला काही नाही, तेव्हा यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने त्यांना खात राहण्यास सांगितले. असे काही महिने गेले. पुढे भागीदारीत दिवस पालटले आणि बनारसीदासांनी त्याचा हिशोब चुकता केला. चारशे वर्षांनंतर त्या कचोरीवाल्याची आठवण उरली आहे ती त्याने उधारी बुडीत धरली म्हणून नव्हे. त्याने खाते उघडे ठेवले, म्हणून.

मी साखरवाल्याला एवढेच म्हणालो, "तू पैसे सोडू नकोस. तू ते घे." औटकीला दिलेला शब्द मोडलेला नव्हता, कारण साखरवाल्याला जे ठाऊक होते ते माझ्याकडून कळलेले नव्हते, तरी जाण्याआधी मी औटकीला सारे सांगून त्याची संमती घेतली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "येऊ दे. पण शनिवारी. माझा पगार शुक्रवारी होतो."

शनिवारी आम्ही दोघे गेलो. मला वाटले होते की गळाभेट होईल, डोळे भरून येतील. तसे काही झाले नाही. तिथे एक व्यवहार झाला. औटकीने एक कागद पुढे केला. त्यावर त्याने १ लाख ४० हजारांचे देणे मान्य करून ते हप्त्याने फेडण्याचे वचन स्वतःच्या अक्षरात लिहिले होते व खाली सही केली होती. साखरवाल्याला त्या कागदाचा अर्थ कळला. १८७२च्या कराराच्या कायद्याप्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी व सहीनिशी दिलेले वचन पुन्हा बंधनकारक ठरते. जे देणे कायद्याने मेले होते, ते ऋणकोने आपण होऊन जिवंत केले होते. मग त्याने १० हजार रुपये मोजून ठेवले. साखरवाल्याने ते घेतले, पेढीवर मोजतात तसे दोनदा मोजले आणि पावती लिहिली : 'मुद्दलापोटी जमा १०,०००. बाकी १,३०,०००.' औटकीने ती पावती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

त्यानंतर साखरवाला म्हणाला, "आता धंद्याचे बोलू. माझी जुनी उधारीची खाती गेल्या सहा वर्षांत कोणी मेळवलेली नाहीत. मुले संगणकावर पाहतात, पण कोणत्या पार्टीला कसे बोलावे हे त्यांना कळत नाही. दुपारचे दोन तास येशील का? पगार घ्यावा लागेल, मैत्रीखातर येणार असशील तर मला नको." औटकीने दोन दिवसांची मुदत मागितली. हुंडेकऱ्याची परवानगी काढली. तिसऱ्या दिवशी तो साखरेच्या पेढीवर हजर झाला. ज्याने एकोणतीस वर्षे स्वतःची उधारी न विसरता फेडली, त्याच्याइतका उधारी वसूल करणारा माणूस दुसरा कोण मिळणार? पगार आणि हप्ता अशी दोन पाने साखरवाल्याच्या वहीत आता समोरासमोर आहेत.

जूनच्या पहिल्या रविवारी, भुसार विभागाला सुट्टी असताना, आमच्या पेढीच्या ओट्यावर १९७५च्या तुकडीचे नऊजण जमले. मान्सून त्या वर्षी फारच लवकर आला. २६ मे रोजीच तो पुण्यात पोहोचला होता, त्यामुळे ताडपत्री बांधावी लागली. तोलणाऱ्याच्या घरून मालदांडीच्या भाकऱ्या आल्या, पापडवाल्या भगिनीने खाकरे आणले, पेटीवाल्याने शेवटचा हापूस. औटकी साखरवाल्याच्या शेजारी बसला होता. कोणी त्याला गेल्या वर्षांविषयी विचारले नाही. मिरचीवाल्याने मात्र मध्येच त्याला तेवीस औटांचा हिशोब विचारला, आणि "साडेऐंशी" हे उत्तर यायला पूर्वीपेक्षा थोडा वेळ लागला, एवढेच.

हा मजकूर औटकीला वाचून दाखवून, त्याच्या संमतीनेच, कोणाचेही नाव न घालता छापण्यास देत आहे. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. मी प्रथम 'साखरवाल्याचे पैसे बुडाले होते' असे लिहिले होते. ते त्याने 'अडकले होते' असे करून घेतले.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपापल्या बाजारपेठेतून एखाद्या वर्षी नाहीसे झालेले एखादे नाव प्रत्येकाला आठवत असेल. ते माणूस बहुधा फार दूर गेलेले नसते. मागच्या गल्लीतच कोठेतरी दुसऱ्याची वही लिहीत असते. त्याला शोधायचे असेल तर चारचौघांना घेऊन जाऊ नये, एकट्याने जावे. मदतीचे पाकीट नेऊ नये. काम न्यावे, आणि त्याने काही परत देऊ केले तर ते हात पुढे करून घ्यावे आणि पावती द्यावी. चातुर्मास लागण्यापूर्वी, माणसे अजून हिंडती-फिरती आहेत तोवर, हे करून पाहावे.

जय जिनेंद्र.